झुरळाचे माहेर



वसंत ऋतूतल्या व्याख्यानात इतिहासाचा विषय म्हटला की गडकोट, लढाया, तह आणि बखरी डोळ्यांपुढे येतात. आजचा आपला चरित्रनायक यांपैकी कोठेही सापडायचा नाही. त्याने गड जिंकला नाही की तह केला नाही. तरी जगातील मोठी बंदरे आणि महानगरे त्याने कधीच पादाक्रांत केली आहेत. तो म्हणजे झुरळ. हे नाव ऐकून कोणाच्या ओठांवर हसू आले असेल, कोणाच्या कपाळाला आठी पडली असेल. दोन्ही मला मान्य आहेत. परंतु ज्याची नि आपली रोज रात्री मोरीत गाठ पडते, ज्याच्यावर फवारलेल्या औषधाचा वास आपली मुले हुंगतात, आणि ज्याच्या विष्ठेच्या धुळीने कित्येक लेकरांना धाप लागते, त्याची कुळकथा नागरिकाला ठाऊक असावी, असे मला वाटते.

माझे म्हणणे प्रथमच सांगून टाकतो. घरातले झुरळ हे रानातून चुकून आत शिरलेले जनावर, अशी आपली समजूत असते. खरे पाहता ते घरातच घडलेले जनावर आहे. माणसाने भिंती उभ्या केल्या, त्यांत ऊब आणली, धान्य साठवले, पाणी खेळवले. आणि त्या घराच्या मापाने हा प्राणी बेतला गेला. म्हणून त्याचा इतिहास हा एका अर्थाने आपल्या घराचाच इतिहास आहे, आणि त्याच्यावरचा उपायही घराच्या रचनेतच शोधला पाहिजे.

आधी नावांचा विचार करू. नकोशा पाहुण्याला शेजाऱ्याचा म्हणण्याची माणसाला जुनी खोड आहे. आपल्या घरांत मुख्यतः दोन जातींची झुरळे दिसतात. एक मोठे, तांबूस, गटारातून वर येणारे. दुसरे लहान, पिवळट, मानेमागे दोन काळ्या रेघा असलेले, ओट्याच्या फटीत राहणारे. स्वीडनचा शास्त्रज्ञ कार्ल लिनियस याने मोठ्याला १७५८ साली 'अमेरिकन' आणि लहानाला १७६७ साली 'जर्मन' असे शास्त्रीय नाव दिले. मूळस्थानाचा शोध घेऊन दिलेली ही नावे नव्हती. इकडे रशियन माणूस त्याच लहान झुरळाला 'प्रुसाक', म्हणजे प्रशियाचा, म्हणे. आणि जर्मन माणूस त्याला रशियन म्हणे. १७५६ ते १७६३ या सात वर्षांच्या युद्धात सैन्ये इकडून तिकडे फिरली, त्याच सुमारास पूर्व युरोपात या किड्याचा बोभाटा झाला. प्रत्येकाने आपापल्या शत्रूच्या नावाने खडे फोडले.

अटलांटिकपलीकडेही हाच प्रकार. कॅप्टन जॉन स्मिथ याने १६२४ साली व्हर्जिनिया आणि बर्म्युडा या वसाहतींचा जो वृत्तान्त प्रसिद्ध केला, त्यात पेट्यांत शिरून वस्तू कुरतडणाऱ्या आणि आपल्या दुर्गंधी विष्ठेने त्या नासवणाऱ्या एका किड्याचे वर्णन आहे. त्याला तो 'इंडिया'चा किडा म्हणतो. तेथील इंडिया म्हणजे वेस्ट इंडीज, हे ध्यानात ठेवावे. त्याने दिलेले स्पॅनिश नावच पुढे घासूनपुसून इंग्रजीत रूढ झाले आणि आज मराठी घरांतली मुले तोच शब्द 'कॉक्रोच' म्हणून बिनदिक्कत वापरतात.

आपल्याकडच्या भाषांनी मात्र देशाच्या नावावर बोट न ठेवता सवयीवर ठेवले. संस्कृतात 'तैलपायिका' असा शब्द आहे. तो अमरकोशात येतो आणि त्याचा अर्थ कोशकार झुरळ असा देतात. तैलपायिका म्हणजे तेल पिणारी. हिंदीत 'तिलचट्टा', बंगालीत 'तेलापोका'. तेलाचा संबंध सुटत नाही. तेलकट, तुपकट वस्तूंची आवड हे निरीक्षण अगदी अचूक आहे. किडा कोणत्या देशाचा यापेक्षा तो काय चाटतो हे पाहणाऱ्या गृहिणीला तो कोठे शोधावा हेही आपोआप कळते.

आता एक लोकप्रिय दंतकथा बाजूला सारू. झुरळ तीस कोटी वर्षे जसेच्या तसे आहे आणि अणुबाँबनंतरही तेवढेच उरेल, असे आपण ऐकतो. कोळशाच्या थरांत सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वीचे झुरळासारख्या कीटकांचे ठसे सापडतात, हे खरे. परंतु त्या कीटकांच्या माद्यांना अंडी घालण्याची लांब नळी होती. आजच्या झुरळाप्रमाणे अंडी एका कुपीत बंद करण्याची युक्ती त्यांच्यापाशी नव्हती. आजची झुरळे त्यांच्या पुष्कळ पुढच्या पिढ्यांतली. वाळवी तर झुरळांच्याच कुळातील एक शाखा आहे, असे आता शास्त्रज्ञ मानतात. किरणोत्साराचे म्हणाल, तर झुरळ माणसाहून अधिक सोसते. पण फळांवर घोंगावणारी चिमुकली माशी त्याहूनही अधिक सोसते. झुरळ अजिंक्य आहे ही समजूत आपल्या हतबलतेतून आली आहे, आणि ती उपायाच्या आड येते.

जगात झुरळांच्या साडेचार हजारांहून अधिक जाती ज्ञात आहेत. त्यांतल्या माणसाच्या वस्तीजवळ राहणाऱ्या जाती तीसच्या आसपास, आणि खऱ्या उपद्रवी जाती हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. बाकीची सारी मंडळी रानात पालापाचोळा खाऊन त्याची माती करतात. ती कधी आपल्या वाटेला जात नाहीत. चार-दोन नातलगांच्या करणीने सारे कूळ बदनाम व्हावे, असा हा प्रकार आहे.

मग या चार-दोघांत असे काय आहे? त्यांच्या शरीराकडे पाहा. अंग चपटे, म्हणून फटीत शिरायला सोपे. पाठ आणि पोट दोन्ही कशाला तरी टेकलेली असली म्हणजे झुरळाला स्वस्थ वाटते. त्यामुळे मोकळ्या फरशीपेक्षा ओट्याची चीर, फडताळाचा बिजागर, भिंतीला टेकलेली रद्दी त्याला प्रिय. मागच्या टोकाला दोन अणकुचीदार अवयव असतात आणि त्यांवर बारीक केस असतात. हवेची झुळूक लागली की ते केस हलतात आणि त्याची वार्ता जाड मज्जातंतूंतून थेट पायांकडे जाते. आपण चप्पल उचलतो तेव्हा चपलेआधी तिचा वारा झुरळापाशी पोचतो. मोठे झुरळ सेकंदाला सुमारे दीड मीटर धावते, असे १९९१ साली अमेरिकेत मोजण्यात आले; म्हणजे एका सेकंदात स्वतःच्या लांबीच्या पन्नासपट.

डोके तुटलेले झुरळ काही दिवस जिवंत राहते, ही गोष्ट मात्र दंतकथा नव्हे. त्याचा श्वास तोंडाने चालत नाही. अंगाच्या दोन्ही बाजूंना असलेल्या छिद्रांतून चालतो. आपल्यासारखा रक्ताचा दाबही त्याच्या अंगात नाही. म्हणून ते रक्तस्रावाने लगेच मरत नाही. अन्नावाचून ते पुष्कळ तग धरते. जर्मन झुरळाची मादी नुसत्या पाण्यावर महिन्याहून अधिक काळ काढते. पण पाणीही नसेल तर दोन आठवड्यांच्या आत संपते. हे वाक्य लक्षात ठेवा, त्याचे काम पुढे पडणार आहे. शिवाय त्याच्या शरीरात पिढ्यान्‌पिढ्या आईकडून मुलाकडे जाणारे सूक्ष्म जंतू राहतात. शरीरातला टाकाऊ नत्र साठवून ठेवायचा आणि अडचणीच्या वेळी या जंतूंकडून त्याचे पुन्हा पोषणद्रव्य करून घ्यायचे, अशी त्याची काटकसर आहे. निकस खाण्यावर वाढणाऱ्याला ही शिदोरी मोठी आहे.

संसारही दोघांचा वेगळा. अमेरिकन झुरळाची मादी पंधरा-सोळा अंड्यांची कुपी एखाद्या कोपऱ्यात चिकटवून निघून जाते, आणि पिल्लांना मोठे व्हायला सहा महिन्यांपासून वर्षापर्यंत काळ लागतो. जर्मन मादीच्या कुपीत तीस ते चाळीस अंडी असतात. ती कुपी ती पिल्ले बाहेर येण्याच्या सुमारापर्यंत पोटामागे बाळगून हिंडते. उबेच्या घरात दोन-तीन महिन्यांत ती पिल्ले स्वतः आईबाप होतात. अंडी उन्हापावसापासून, मुंग्यांपासून सुरक्षित आणि पिढी झपाट्याने पुढे; म्हणूनच एका जुन्या खोक्यातून आलेली एक मादीसुद्धा बिऱ्हाड थाटायला पुरते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. या लहान झुरळाचे माहेर कोणते? १९४५ साली जेम्स रेन या अमेरिकन कीटकशास्त्रज्ञाने घरगुती झुरळांच्या प्रवासावर एक निबंध लिहून आफ्रिकेकडे बोट दाखवले. मोठ्या, म्हणजे नावाने अमेरिकन असलेल्या, झुरळाबाबत ते मत अजून टिकून आहे. ते मुळात अटलांटिकच्या पलीकडचे नव्हेच; आफ्रिकेतून निघालेल्या गलबतांतून ते तिकडे उतरले. लहान झुरळाबाबत मात्र पुढे शंका निघाली. १९८१ साली जपानच्या ओकिनावा बेटावर पालापाचोळ्यात राहणारी एक जात वेगळी म्हणून नोंदवली गेली, तिला आशियाई झुरळ म्हणतात. ती दिसायला हुबेहूब जर्मन झुरळासारखी. लुई रॉथ या झुरळांच्या गाढ्या अभ्यासकाने १९८५ साली या साऱ्या गोतावळ्याची तपासणी करून आशियाकडे लक्ष वळवले.

निकाल लागायला २०२४ साल उजाडले. सतरा देशांतून गोळा केलेल्या २८१ झुरळांच्या आनुवंशिक द्रव्याची तुलना करून शास्त्रज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने असा निष्कर्ष काढला की, जर्मन झुरळ हे आशियाई झुरळापासून सुमारे २१०० वर्षांपूर्वी वेगळे झाले, आणि तेही भारत किंवा म्यानमार या भूभागात. कालमापनाच्या सोयीसाठी सांगायचे तर आपल्याकडील सातवाहन काळाच्या आसपासची ही गोष्ट. म्हणजे ज्याला युरोपाने दोनशे-अडीचशे वर्षे एकमेकांच्या माथी मारले, त्याचे माहेर बहुधा आपल्याच बाजूचे निघाले. यात अभिमान धरण्याजोगे काही नाही आणि लाज वाटण्याजोगेही काही नाही. धान्याची कोठारे आणि दाट वस्ती जेथे लवकर झाली, तेथे हा प्राणी घडावा हे स्वाभाविकच आहे.

या दोन भावंडांतला फरक मात्र फार बोलका आहे. आशियाई झुरळ उघड्यावर राहते, चांगले उडते, संध्याकाळी दिव्याकडे झेपावते. जर्मन झुरळाला पंख आहेत, पण त्याला धड उडता येत नाही. दिवा लागला की ते अंधाराकडे पळते. आणि माणसाच्या इमारतींबाहेर, खुल्या रानात, त्याची वस्तीच आढळत नाही. रानातले घर सोडून ते आपल्या घरात आले, आणि परतीची वाट विसरले.

त्याच अभ्यासाने त्याच्या प्रवासाचे टप्पेही काढले आहेत. सुमारे १२०० वर्षांपूर्वी ते पश्चिमेकडे अरबस्तानाच्या बाजूला सरकले. खलिफांच्या राजवटीतील व्यापाराचा आणि सैन्यांच्या हालचालींचा तो काळ. सुमारे ३९० वर्षांपूर्वी ते पूर्वेकडे इंडोनेशियाच्या दिशेने गेले. तो डच आणि इंग्रज ईस्ट इंडिया कंपन्यांचा काळ. सुमारे २७० वर्षांपूर्वी ते युरोपात पोचले, आणि तेथून उरलेल्या जगात ते गेल्या सव्वाशे वर्षांत पसरले. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत व्यापारी मार्गांचे जे नकाशे असतात, त्यांवर झुरळाचा नकाशा ठेवला तर रेघेवर रेघ बसावी.

जहाजे तर झुरळांनी भरलेली असत. १५८७ साली इंग्रज दर्यावर्दी फ्रान्सिस ड्रेक याने अझोर बेटांजवळ पूर्वेकडून मसाले घेऊन परतणारे एक पोर्तुगीज गलबत पकडले. त्या गलबतात पंख असलेल्या झुरळांचा बुजबुजाट होता, अशी नोंद थॉमस मुफेट याच्या १६३४ साली छापलेल्या कीटकग्रंथात आहे. शिडांच्या जहाजाला महिनोन्‌महिने लागत. वाफेच्या बोटी आल्या, वाटेतला काळ आटला, प्रवासी जिवंत पोचू लागले. त्यातच थंड देशांतली घरे नळांनी आणि वाफेने गरम राहू लागली. हिवाळ्याने जो किडा मेला असता, त्याला माणसाने बारमाही उन्हाळा करून दिला. झुरळाने जग जिंकले असे आपण म्हणतो. पण त्याच्यासाठी रस्ते आपण बांधले, नौका आपण हाकल्या आणि मुक्कामाची धर्मशाळाही आपणच उघडली.

येथवर कौतुक झाले. आता हानीचा हिशेब करू, आणि तो नेमका करू. झुरळ चावून विष चढत नाही. गटारातून ताटापर्यंत ते पायांवर रोगजंतू वाहून नेते. मात्र अमुक साथ झुरळामुळेच आली हे सिद्ध करणे कठीण असते. तरी काही दाखले विचार करायला लावणारे आहेत. बेल्जममधील ब्रसेल्स येथे एका रुग्णालयाच्या बालविभागात अतिसाराच्या जंतूंचा प्रादुर्भाव काही केल्या हटेना. रात्री पाहिले तर तान्ह्या मुलांच्या दुलयांवर झुरळे फिरत होती. झुरळांचा बंदोबस्त झाला, आणि मग साथ ओसरली. हा वृत्तान्त १९५० साली प्रसिद्ध झाला.

याहून मोठी हानी डोळ्यांना दिसत नाही. झुरळाची विष्ठा, लाळ आणि टाकलेली कात वाळून तिची धूळ होते. ती श्वासावाटे आत गेली की काही जणांच्या शरीराला ती सोसत नाही. १९६४ साली अमेरिकेतील दोघा वैद्यांनी कातडीवरील चाचणीने हे दाखवले. पुढे १९९७ साली तेथील आठ मोठ्या शहरांच्या दाट, गरीब वस्त्यांतील दमेकरी मुलांची पाहणी प्रसिद्ध झाली. तपासलेल्या ४७६ मुलांपैकी सुमारे ३७ टक्के मुलांना झुरळाचे वावडे होते, आणि निम्म्या मुलांच्या निजण्याच्या खोलीत त्या धुळीचे प्रमाण अधिक होते. ज्यांना वावडेही होते आणि धूळही पुष्कळ होती, त्या मुलांना इतरांहून कितीतरी अधिक वेळा रुग्णालयात दाखल करावे लागले होते. त्यांची शाळा बुडे, रात्रीची झोप मोडे, आणि मूल जागे म्हणून घरातली वडील माणसेही जागी. झुरळाचा प्रश्न किळसेचा राहत नाही, न्यायाचा होतो, तो या ठिकाणी.

मग मारून टाका, असे कोणीही म्हणेल. मारण्याचाही इतिहास आहे आणि तो उद्बोधक आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर नवी रासायनिक विषे आली, तेव्हा किड्यांचा कायमचा निकाल लागला असे अनेकांना वाटले. टेक्सासमधील कॉर्पस क्रिस्टी या बंदरात १९५२ सालीच क्लोरडेन या विषाला न जुमानणारी जर्मन झुरळे आढळली. फवाऱ्यात जी दगावली त्यांची गोष्ट संपली; जी वाचली त्यांची संतती घर भरून राहिली. पुढे गोड आमिषात विष घालण्याची युक्ती निघाली. फ्लोरिडातील काही झुरळे हे आमिष खाईनात. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात कळले की त्यांना ग्लुकोजचाच तिटकारा आहे, आणि तो जन्मजात आहे. २०१३ साली कारण उलगडले: त्यांच्या जिव्हेपाशी कडू चव सांगणारे जे तंतू, तेच ग्लुकोजने चेतवले जात होते. आमच्या विषाने त्यांची चवच बदलून टाकली. २०१९ साली अमेरिकेतील आणखी एका अभ्यासात असे दिसले की, एका विषाला सरावलेली झुरळे कधीकधी न भेटलेल्या दुसऱ्या विषालाही दाद देत नाहीत. त्याच वर्षीच्या दुसऱ्या पाहणीत, खोली बंद करून धुराचे डबे फोडले तरी झुरळे घटली नाहीत. विष मात्र ओट्यावर आणि जमिनीवर बसले, जेथे मुले रांगतात.

तेव्हा करावे काय? जे घरामुळे झाले ते घरातूनच निस्तरावे. मघाचे वाक्य आठवा: उपाशी राहील, तहानलेले राहणार नाही. रात्री निजण्यापूर्वी मोरी आणि ओटा कोरडा करणे, गळका नळ दुरुस्त करणे, खरकटी भांडी तशीच न ठेवणे, हा पहिला उपाय. तेलाच्या बुधल्याखाली, शेगडीमागे तेलकटपणा राहू न देणे, हा दुसरा. तैलपायिका हे नाव त्यासाठीच आपल्या पूर्वजांनी ठेवले असावे, असे गमतीने म्हणता येईल. फटी सिमेंटने बुजवणे, मोरीला जाळी बसवणे, बाहेरून आलेली खोकी आणि गोणपाटे उघड्यावर झटकणे, हा तिसरा. फटींतली विष्ठा धुऊन काढली पाहिजे, कारण तिच्या वासानेच बाकीची झुरळे तेथे जमतात. एवढे केल्यावर मग औषध. तेही हवेत उडवू नये. आमिषाचे थेंब फटींत, मुलांच्या हाती लागणार नाहीत असे ठेवावेत, आणि औषधाचा प्रकार अधूनमधून बदलावा. विषारी खडूच्या रेघा ओढणाऱ्यांनी, तो खडू मुलाला पाटीवरच्या खडूसारखाच दिसतो, हे विसरू नये.

हे जमते का? जमते. न्यू ऑर्लिन्स शहरात दमेकरी मुले असलेल्या घरांत नुसते आमिष नीट ठेवण्याचा प्रयोग झाला. त्याचा अहवाल २०१७ साली आला. आमिष ठेवलेल्या घरांत झुरळे घटली आणि मुलांचे त्रासाचे दिवसही घटले.

परंतु एका घराने भागत नाही. चाळीच्या भिंती सामाईक, इमारतीचे नळ सामाईक, गटार तर साऱ्या गल्लीचे. एका बिऱ्हाडाने लख्ख ठेवावे आणि शेजारच्या गळक्या नळाने ते व्यर्थ करावे, असे होते. मग दोष गृहिणीच्या माथी येतो, आणि ज्याच्या मालकीचा नळ तो मोकळा राहतो. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ साली मुंबईत इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्या ट्रस्टच्या कामात उणिवा पुष्कळ होत्या; तथापि रोगाचा संबंध घराच्या रचनेशी आहे, एवढे त्याने सरकारदरबारी मान्य करून घेतले. प्लेगचे कारण उंदीर आणि पिसवा, झुरळ नव्हे. पण तत्त्व तेच आहे. स्वच्छता ही जशी घरातल्या माणसांची, तशीच घरमालकाची, सोसायटीची आणि नगरपालिकेची जबाबदारी आहे.

श्रोतेहो, झुरळाला आपण परका मानत आलो. कोणी त्याला प्रशियन म्हटले, कोणी रशियन, कोणी अमेरिकन. आता त्याचे माहेर कळले आहे, आणि सासर तर आपण सारेच आहोत. त्याला हाकलायचे तर देशाचे नाव घेऊन उपयोग नाही. आज रात्री घरी गेल्यावर दिवा लावून ओट्याखालचा नळ गळतो का ते पाहा; आणि उद्या सकाळी शेजाऱ्यालाही त्याचा नळ पाहायला सांगा.